"मला काही प्रॉब्लेम नाही, पण…" : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एकच विचारलं होतं, की ट्रान्सजेंडर माणसांबद्दल तुमचं जे मत आहे आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर तुमच्याकडून जे वागणं होतं त्यात फरक पडतो का, पडत असेल तर लिहून पाठवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट सुद्धा आल्या, आणि लोकांनी खूपच मोकळेपणानं लिहिलंय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, लांब पत्रं थोडी कापलीत. जागेमुळे या वेळी पाचच घेतेय.

प्रश्न : मी २७ वर्षांचा ट्रान्स मॅन आहे, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंद झाली पण मी पुरुष आहे, पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. ऑफिसमध्ये सगळ्यांना माहितीये. कोणी वाईट बोलत नाही, उलट जूनमध्ये एचआरनी माझा फोटो टाकून पोस्ट केली तर सगळ्यांनी हार्ट दिले. पण महाबळेश्वरला ट्रिप ठरली तेव्हा माझ्याबरोबर रूम शेअर करायला एकही मुलगा तयार नाही. एक म्हणे मी फार घोरतो, एक म्हणे मला पहाटे उठायचं असतं. शेवटी मला सिंगल रूम दिली आणि वर सांगितलं की तुलाच कम्फर्टेबल वाटावं म्हणून. टीममधल्या एकाचं लग्न झालं, सगळ्यांना पत्रिका आणि मला नाही, नंतर म्हणाला अरे घरचे जुन्या वळणाचे आहेत. हे लोक खोटारडे आहेत का? हार्ट देणारे खरे की रूम नाकारणारे खरे?

उत्तर : दोघंही खरे, म्हणून तर तुला इतकं गोंधळल्यासारखं होतंय. सरळ तोंडावर वाईट बोलणारा असता तर तू त्याच्यापासून लांब राहिला असतास आणि विषय संपला असता.

१९५७ मध्ये लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कॉग्निटिव्ह डिसोनन्सची कल्पना मांडली. डोक्यातल्या दोन गोष्टी एकमेकींशी भांडायला लागल्या की माणसाला चैन पडत नाही, ती अस्वस्थता त्याला घालवायचीच असते, मग त्या दोनातली जी बदलायला सोपी ती तो बदलतो. तुझ्या टीममधल्या मुलाच्या डोक्यात एक आहे की मी चांगला माणूस आहे, भेदभाव करत नाही, आणि दुसरी की मी याच्याबरोबर एका खोलीत झोपायला नाही म्हणालो. पहिली सोडवत नाही आणि दुसरी तर करून झाली. मग मधे एक कारण उभं राहतं, घोरणं, पहाटे उठणं, घरचे जुन्या वळणाचे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे "तुझ्याच सोयीसाठी", कारण त्यात वर तुलाच थँक्यू म्हणायला लागतं. तुला फसवायच्या आधी तो स्वतःला फसवून बसलेला असतो, अगदी मनापासून.

हार्ट द्यायला काही पडत नाही. रूम शेअर केली तर दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाकीची पोरं चिडवणार, ही किंमत त्याला आधीच दिसते. माझं मत असं आहे की माणसाचं मत किती पक्कं आहे हे किंमत मोजायची वेळ आल्याशिवाय कोणालाच कळत नाही, त्याला स्वतःला पण नाही.

आता यातून वाट काय. फेस्टिंजरनं १९५९ मध्ये कार्लस्मिथबरोबर एक प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं, लाकडी खुंट्या फिरवत बसायचं वगैरे, आणि मग सांगितलं की बाहेर थांबलेल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाऊन सांगा की काम फार मजेचं आहे. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला आणि काहींना वीस. नंतर विचारल्यावर वीस डॉलरवाले म्हणाले काम बोअरच होतं, पण एक डॉलरवाल्यांना ते खरंच बरं वाटायला लागलं होतं. वीसवाल्याला स्वतःला सांगायला कारण होतं की पैशासाठी बोललो, एका डॉलरसाठी खोटं बोललो हे काही स्वतःला पटवता येईना, मग त्यानं मतच बदलून टाकलं. म्हणजे आधी वागणं आणि त्याच्या मागून मत, असं सुद्धा होतं, आणि आपण मात्र सगळी ताकद लोकांची मतं बदलण्यात घालवतो.

म्हणून एचआरला जाऊन सांग, पुढच्या वेळी रूम कोणाला विचारून वाटू नका, बाकी मुलांची यादी लावता तशी माझीही लावा. दोन रात्री एका खोलीत काढल्या की त्या मुलाचं डोकं आपोआप कामाला लागेल, की राहिलो तर खरा आणि काही झालं नाही. अर्थात तुला जिथे सुरक्षित वाटतं तिथेच हे कर, कोणाला शिकवायचा ठेका तू घेतलेला नाहीस. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ मध्ये जो कायदा झाला त्यात नोकरीच्या ठिकाणी भेदभाव करायला मनाई आहे, पोस्ट टाकणाऱ्या एचआरला हे माहीत असायलाच हवं. बीड जिल्ह्यातले पोलिस कॉन्स्टेबल ललित साळवे तुला आठवत असतील, ते आधी महिला कॉन्स्टेबल होते, लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रजाच नाकारली होती, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, २०१८ मध्ये सरकारनं परवानगी दिली, शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष कॉन्स्टेबल म्हणून त्याच खात्यात राहिले. आधी सगळ्या खात्याचं मत बदलू दे म्हणून ते थांबले असते तर अजून थांबलेच असते.

पत्रिकेबद्दल मी तुझी समजूत घालणार नाही. वाईटच झालं ते. तू त्याला तसं तोंडावर सांगितलंस तर तो उद्धटपणा होणार नाही.

प्रश्न : मी ठाणे-भिवंडी साइडला डिलिव्हरीचं काम करतो. रोज सिग्नलला तृतीयपंथी लोकांचा त्रास. बहिणीला मुलगा झाला तेव्हा घरी येऊन अकरा हजार मागितले, नाही म्हटलं तर शिव्याशाप, साडी वर करायची धमकी, बाळंतीण घाबरून रडायला लागली. तुम्ही हक्क हक्क म्हणता, धडधाकट आहेत तर काम का नाही करत? मला त्यांच्या हक्काबद्दल काही प्रॉब्लेम नाही पण सहानुभूती येत नाही, खरं लिहितोय.

उत्तर : खरं लिहिलंत ते बरं केलंत. बहिणीच्या घरी जे झालं ते चूक झालं, असं परत झालं तर ११२ ला फोन करा, पोलिसात तक्रार द्या, त्यात मला काहीच सावरून घ्यायचं नाही. धमकी देऊन पैसे काढणं हा कोणाचाच हक्क नसतो.

पण "काम का नाही करत" याचं उत्तर तुम्हाला नीट द्यायला हवं. २०२२ मध्ये महाराष्ट्रात पोलिस भरती निघाली, ऑनलाइन फॉर्ममध्ये स्त्री आणि पुरुष एवढे दोनच पर्याय. कराडच्या आर्या पुजारी आणि अजून एक उमेदवार मॅटमध्ये, म्हणजे राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, तिथे त्यांच्या बाजूनं आदेश झाला तर राज्य सरकार त्याच्या विरोधात मुंबई हायकोर्टात गेलं की हे अमलात आणणं अवघड आहे. डिसेंबरमध्ये हायकोर्टानं खडसावलं, सोय करा नाहीतर भरतीच थांबवू, तेव्हा कुठे तिसरा पर्याय आला. आणि हे कधी, तर सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तिसऱ्या लिंगाला मान्यता देऊन, शिक्षणात आणि नोकरीत यांना आरक्षण द्या असं सांगून आठ वर्षं झाल्यावर. ज्यांना आपण काम करा म्हणतो त्यांना कामाचा नुसता फॉर्म भरायला कोर्टाची पायरी चढावी लागली. अजून मागे गेलात तर इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्यात यांची नावं रजिस्टरात लिहायची सोय होती आणि नाव लागलेल्या माणसानं बाईचे कपडे घालून रस्त्यावर नाच-गाणं केलं तर वॉरंटशिवाय अटक. पोटाचा जो मार्ग होता तोच गुन्हा ठरवला आणि दुसरा मार्ग कोणी दिला नाही.

घरातून हाकललेलं पोर, शाळा अर्धवट, खोली मिळत नाही, आधार कार्डावर नाव एक आणि दिसतो वेगळा, अशा माणसाला काम कोण देतं? देणारे आहेत, नाही असं नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून घेतलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद स्त्री-पुरुष सोडून "इतर" रकान्यात झाली, खरा आकडा जास्तच असणार कारण किती घरांनी प्रगणकाला खरं सांगितलं असेल. यातले तुम्हाला सिग्नलवर किती भेटले? जे बाकीचे, शिवणकाम करणारे, नर्सिंग करणारे, शिकवणारे, ते तुमच्या शेजारून जातात आणि तुम्हाला कळत नाही, मग सिग्नलवरची चार माणसं म्हणजेच सगळा समाज असं वाटायला लागतं.

एक विचारते, राग मानू नका. कुठल्यातरी डिलिव्हरीवाल्यानं पार्सल लांबवलं म्हणून सोसायटीवाले तुम्हाला गेटवर थांबवतात, मेन लिफ्ट वापरू देत नाहीत, तेव्हा तुम्हाला जे वाटतं ना, तेच त्यांना पण वाटतं. सहानुभूती नसली तरी चालेल, पण त्रास देणाऱ्याची तक्रार त्याच माणसापुरती ठेवा.

प्रश्न : मी कल्याणमधल्या एका हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी, वय ६१, बँकेतून रिटायर झालो. घर पुरोगामी, वडील राष्ट्र सेवा दलात होते. आमच्या एका मेंबरनं त्याचा फ्लॅट एका ट्रान्सजेंडर बाईंना भाड्यानं द्यायचं ठरवलं, त्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन आहेत. कमिटीत बहुतेकांनी विरोध केला. मला बोलायचं होतं पण गप्प बसलो, आणि नंतर काय झालं माहीत नाही, मीच त्या मेंबरला समजावत सुटलो की विरोध त्यांना नाही हो, पण उद्या कोण कोण येत राहील, लहान मुलं आहेत, फ्लॅटच्या किमती पडतील. घरी सांगितल्यावर पत्नी म्हणाली, तुम्ही तर असं कधी बोलत नव्हतात. आता सर्वसाधारण सभेत विषय येणार आहे. कायदा काय सांगतो आणि मी काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्नींनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. गप्प बसलात तोपर्यंत तुमचं मत जुनंच होतं. पण सेवा दलातल्या वडिलांच्या मुलाला आपण अन्यायाच्या वेळी गप्प बसलो हे सहन होणं कठीण, त्यापेक्षा "तसा विरोधाला अर्थ होता" हे मानणं सोपं, म्हणून एका संध्याकाळीत तुम्हाला तीन कारणं सुचली. ती तीनही तपासून बघा. कोण कोण येईल, हे बाकीच्या भाडेकरूंना विचारता का? लहान मुलं एक-दोन दिवस प्रश्न विचारतात आणि मग त्या काकूंच्या घरी मांजर आहे का याच्यात त्यांना जास्त इंटरेस्ट असतो. आणि किंमत पडल्याचा एक तरी आकडा कोणी सभेत दाखवला का, की नुसतं म्हटलं?

कायद्याचं आधी सांगते. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये घर भाड्यानं घेणं, विकत घेणं, तिथे राहणं या बाबतीत ट्रान्सजेंडर व्यक्तीशी भेदभाव करायला मनाई आहे. राहत्या घरातून किंवा गावातून कोणाला निघून जायला भाग पाडलं तर कलम १८ खाली सहा महिने ते दोन वर्षांची शिक्षा आहे. भाडेकरार, पोलिस व्हेरिफिकेशन, सोसायटीला कळवणं, हे जे सगळ्यांना लागतं तेवढंच त्यांना लागेल, एक कागद जास्त नाही. सभेत विरोधाचा ठराव झाला तर मिनिट्सवर सही सेक्रेटरीची असते हे पण लक्षात असू द्या.

पण नुसता कायदा दाखवून सभा जिंकलीत तर त्या बाईंना पुढची अकरा महिने लिफ्टमध्ये लोकांची वाकडी तोंडं बघत काढावी लागतील. घर हा प्रश्न किती अवघड असतो ते कोचीत दिसलं. कोची मेट्रोनं २०१७ मध्ये २३ ट्रान्सजेंडर व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं, आणि पहिल्या काही दिवसांतच काही जणींनी नोकरी सोडली कारण शहरात त्यांना कोणी खोलीच देईना, लॉजवर राहायचं तर पगार पुरेना. टाळ्या वाजवणारं शहर तेच आणि दार लावून घेणारंही तेच.

मला वाटतं तुम्ही सभेच्या आधी काम करा. एक जुना अभ्यास आहे, रिचर्ड लापिएर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा, १९३४ मध्ये छापून आला. तिकडे चिनी लोकांबद्दल तेव्हा भयंकर तिटकारा होता. हे गृहस्थ एका चिनी जोडप्याला घेऊन देशभर फिरले, अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खानावळी झाल्या, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. नंतर त्याच लोकांना पत्रानं विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर लोकांनी नाही कळवलं. कागदावर, सभेत, ग्रुपवर विचारलं की माणूस सरसकट नाही म्हणतो, समोर हसतमुख माणूस सुटकेस घेऊन उभा राहिला की वेगळं वागतो. म्हणून विरोध करणाऱ्यांपैकी जे दोघं-तिघं जरा मऊ आहेत त्यांची आणि त्या बाईंची सहज भेट होऊ द्या, त्या फ्लॅट बघायला येतील तेव्हा तुमच्याच घरी चहाला बोलवा. सभेत उभं करून त्यांची मुलाखत मात्र घेऊ देऊ नका, ते अपमानाचं आहे, बाकी कुठल्या भाडेकरूला तुम्ही असं उभं करत नाही.

ओळख झाली की काय होतं याचा दाखला हवा असेल तर खेड्यांकडे बघा, तिथे ट्रान्सजेंडर माणसं निवडून आलीत. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे, सगळे त्यांना माऊली म्हणतात, यांना सरपंच निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीमध्ये अंजली पाटील यांनी बायकांच्या जागेवर फॉर्म भरला तर तो बाद केला, औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये त्यांना लढायची परवानगी दिली आणि गावानं त्यांना निवडून आणलं. ही माणसं गावाच्या रोजच्या बघण्यातली, कोणाच्या बारशाला गेलेली, कोणाच्या मयताला आलेली. तुमच्या कमिटीतल्या किती जणांनी आयुष्यात एका तरी ट्रान्सजेंडर माणसाशी पाच मिनिटं बोलणं केलंय?

आणि सभेत पहिलं बोला. शेवटी नाही, पहिलं. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात की मग तुमचं स्वतःचं मनच तुम्हाला मागे फिरू देणार नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडे यल्लम्माचा जोगत्या, म्हणजे देवीला सोडलेला साडी नेसणारा पुरुष, येतो परडी घेऊन, आज्जी त्याला जोगवा घालते, पाया पडते, माझं डोकं पण टेकवते. पण चहा दिला तर वेगळ्या कपात, तो कप बाहेर कट्ट्यावर, आणि आत बसायला कधी सांगत नाही. मी बोलले की भांडणं होतात. आज्जीला सांगू कसं?

उत्तर : भांडू नकोस, आज्जीचं वय बघता भांडणात तू हरशील आणि तो कप तिथेच राहील.

आपल्याकडे हे फार जुनं आहे बाळ, नेवाशाला मोहिनीराजाला, म्हणजे विष्णूच्या बाईच्या रूपाला, हात जोडायचे, अर्धनारीनटेश्वराची पूजा करायची, सौंदत्तीच्या डोंगरावर जोगत्याच्या डोक्यावरच्या जगाला, म्हणजे देवी ठेवलेल्या टोपलीला, कुंकू लावायचं, आणि तोच माणूस घरात आला तर उंबऱ्याच्या बाहेर. देव अंगात आहे तोपर्यंत पाया पडतो आणि परडी खाली ठेवली की लांब बसवतो. आणि एक ध्यानात घे, त्या वेगळ्या कपात फक्त तो पुरुष की बाई एवढाच प्रश्न नाही, त्यात जात पण आहे, बरेचसे जोगते कुठल्या समाजातून येतात हे आज्जीला पक्कं माहीत असतं.

२०१६ मध्ये डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघांचा एक अभ्यास आला, अमेरिकेत मायामीमध्ये केलेला. घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल साधारण दहा मिनिटं गप्पा मारायच्या, वाद घालायचा नाही, उलट समोरच्याला विचारायचं की तुम्हाला कधी कोणी वेगळं काढलं होतं का, तेव्हा कसं वाटलं. तेवढ्यानं लोकांचा आकस कमी झाला आणि तीन महिन्यांनी परत विचारलं तरी तो परिणाम टिकलेला होता. तू आज्जीला तेच विचार. आज्जी, लग्न होऊन आलीस तेव्हा तुला कोणी वेगळं बसवलं होतं का, पाळीच्या दिवसांत कुठे झोपायचीस, आजोबा गेल्यावर हळदी-कुंकवाला कोणी बोलवेनासं झालं तेव्हा काय वाटलं. सांगू दे तिला सगळं, मधे बोलू नकोस. आणि पुढच्या मंगळवारी चहा तू कर, घरातल्याच कपात, आणि त्यांच्याबरोबर कट्ट्यावर बसून तू पण पी.

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या गावात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४६. मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला. दिवाळीत आला होता तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, आई मी मुलगा नाही, मला पहिल्यापासून मी मुलगीच वाटते. मी शाळेत संविधान दिनाला समतेवर बोलते. ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी आईविना पोरगी सांभाळली ते बघून मी रडले होते. आणि स्वतःच्या पोराला मी म्हणाले, परत हा विषय काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. तो दुसऱ्या दिवशी निघून गेला, फोन केला तर हो-नाही एवढंच बोलतो. यांना अजून काही माहीत नाही. बहिणीला सांगितलं तर ती म्हणते एका महाराजांकडे नेऊ, नाहीतर औषध देणारे डॉक्टर आहेत, ठीक करतात. मी ढोंगी आहे का? मला रात्रभर झोप येत नाही.

उत्तर : ताई, ढोंगी माणसाची झोप उडत नाही.

आधी एक काम करा, तिला फोन करा. पत्र वाचून झालं की लगेच. मोठं काही बोलायचं नाही, एवढंच की त्या रात्री मी जी शपथ घातली ती मागे घेते, तू माझी आहेस, मला हे नीट कळत नाही पण मला ऐकायचंय. तुम्ही अजून मुलगा म्हणताय, मी मुलगी म्हणतेय कारण तिनं तसं सांगितलंय, तुम्हाला लगेच जमणार नाही, जीभ वळायला वेळ लागेल, चालेल. पण आईच्या जिवाची शपथ तिच्या डोक्यावर राहू देऊ नका. घरापासून लांब, हॉस्टेलवर, मनात हे घेऊन एकटं राहणाऱ्या पोरांचं काय होऊ शकतं याची मला खरंच काळजी वाटते. तिला टेली-मानसचा १४४१६ हा नंबर द्या, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. तुम्हाला झोप लागत नाही तर तुम्ही पण करा.

आता तुमच्या भाषणांचं. दुसऱ्याच्या लेकराबद्दल रडताना तुमच्याकडून काही जात नव्हतं. स्वतःच्या घरात ऐकल्यावर गाव, भावकी, शाळेतले पालक, तिला रस्त्यात कोणी मारेल का, म्हातारपणी तिचं कोण, सगळं एकदम अंगावर आलं. त्या रात्री तुमच्या तोंडून भीती बोलली, पण तिला ऐकू आला तो तिरस्कार. हा फरक तुम्हाला माहितीये, तिला तो माहीत नाही, आणि सांगितल्याशिवाय कळणारही नाही. समतेवर बोललेलं खोटं नव्हतं. ते आत्तापर्यंत फुकट होतं, आता त्याला किंमत पडतेय.

शिकलेल्या, मोठ्या माणसांचं पण असं होतं. २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टात मदुराईच्या दोन मुली संरक्षण मागायला आल्या होत्या, एकमेकींवर प्रेम म्हणून घरचे विरोधात. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आदेशातच लिहिलं की माझ्याही मनात याबद्दल पूर्वग्रह आहेत, आणि निकाल द्यायच्या आधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसले, समजून घेतलं, त्या समाजातल्या माणसांशी बोलले. हायकोर्टाचा न्यायाधीश मला कळत नाही मला शिकवा असं म्हणू शकतो तर आईला म्हणायला काय हरकत आहे.

महाराजांकडे नेऊ नका. औषधवाल्या डॉक्टरकडे तर अजिबात नको. हा आजारच नाही तर बरं काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेनं मानसिक विकारांच्या यादीतून हे काढलंय, ती नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच मद्रास हायकोर्टाच्या खटल्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये अशी "बदलून दाखवण्याची" ट्रीटमेंट करणं म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय, तेव्हा जो ठीक करून देतो म्हणतोय तो नियम मोडतोय. बहिणीला एवढं सांगा आणि विषय बंद करा, आणि यापुढे तिच्या परवानगीशिवाय कोणाला सांगू नका.

ऑपरेशन, हार्मोन हे विचार आत्ता डोक्यात आणू नका. सुप्रीम कोर्टानं नाल्सा निकालात सांगितलंय की स्वतःची ओळख स्वतः ठरवायची, त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. पुढे कधी कागदपत्रं बदलायची वेळ आली तर त्या वेळचे नियम काय आहेत ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. आत्ता गरज आहे ती तुम्हाला कोणीतरी बरोबर असण्याची. मुंबईत "स्वीकार" नावाचा पालकांचा गट आहे, २०१७ पासून, सगळे तुमच्यासारखेच आईबाप, कोणी बँकेत कोणी शाळेत, आणि सगळे या रात्रीतून गेलेले. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी मराठीत बरंच लिहिलंय, तेही वाचा. माझ्याशी बोलण्यापेक्षा एखाद्या आईशी अर्धा तास बोललात तर जास्त उपयोग होईल.

यजमानांना कधी सांगायचं, कसं सांगायचं, हे तिला विचारून ठरवा. सांगायच्या आधी एवढं नक्की करा की तिची फी, मेसचे पैसे, रूमचं भाडं तुमच्या खात्यातून वेळेवर जाईल, कारण बऱ्याच घरांत पहिला राग पैशावर निघतो आणि शिक्षण अर्ध्यात सुटतं. तुमचा स्वतःचा पगार आहे, हे तुम्ही करू शकता. आणि तिला घरात राहायचा हक्क आहे, २०१९ च्या कायद्यातच तसं कलम आहे, त्यामुळे घरातून काढायची भाषा कोणी केली तर तुम्ही तिथेच थांबवा. तोपर्यंत भावकीतल्या कोणी पुढचं काय, नोकरी कधी, लग्न कधी असं विचारलं तर शिक्षण चालू आहे एवढंच सांगा, ते खरंच आहे.